मीच काढले

शैला कारखान्यात आली तेव्हा मी एका यंत्रमागाखाली पाठीवर पडून पट्टा आवळत होतो. मागांच्या खडखडाटात कुणी आलं-गेलं कळत नाही. आधी मला तिच्या चपला दिसल्या. ती कारखान्यात येत नसे. पूर्वी यायची, पगाराच्या दिवशी, मी गुत्त्याकडं वळायच्या आत मला गाठायला. ते दिवस मागं पडून बरीच वर्षं झाली होती.

मी बाहेर सरकलो, हात पुसले. "काय झालं? रेवती बरी हाय न्हवं?" ओरडूनच विचारावं लागलं.

ती माझ्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. चारचौघांत ती कधी माझ्या एवढ्या जवळ उभी राहिलेली मला आठवत नाही. तिनं टाचा उचलल्या, माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि श्वास आत ओढला. पलीकडच्या मागावरचा चौगुले काम सोडून बघत होता. मग ती मागं सरली. "घरी या," म्हणाली. आवाज आला नाही, ओठांवरून कळलं.

मी मालकाला सांगून निघालो. इचलकरंजीच्या उन्हात ती पुढं आणि मी मागं, असे आम्ही घरापर्यंत आलो.

रेवतीच्या नर्सिंगची दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. त्यासाठी सकाळी शैला बँकेत गेली होती. खात्यातले पैसे तिचे होते, तिच्या माहेरचे. हुपरीची जागा तिच्या भावानं, अण्णानं विकली, तेव्हा त्यानं बहिणीचा वाटा न मागता दिला होता. ते पैसे रेवतीच्या शिक्षणाचे, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं होतं. आता खात्यात जेमतेम दोन महिन्यांचा किराणा होईल एवढंच उरलं होतं. मागल्या महिन्यात लागोपाठच्या तीन संध्याकाळी कुणीतरी स्टँडजवळच्या एटीएम मशिनमधून सगळं उपसून नेलं होतं. बँकेचे मेसेज रेवतीच्या जुन्या नंबरावर जात, आणि तो फोन कधीच बंद पडला होता. त्यामुळं घरात कुणाला पत्ताच नव्हता.

"कार्ड कुठाय?" तिनं विचारलं.

मी बंडीच्या आतल्या खिशातून काढून पुढं धरलं. तिनं हातात घेतलं नाही.

"कुणाला दिलतं?"

"न्हाई."

"आकडा कुणाला सांगितला?"

"तुलाबी ठाऊक न्हाई, दुसऱ्या कुणाला सांगू?"

"मग कुणी काढलं?"

"शैला, मी न्हाई काढले."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली. तिचा चेहरा बघून मला ते कळलं.

रेवती लहान असताना घरातलं शिलाई मशीन चोरीला गेलं होतं. शैला त्यावर ब्लाउज शिवून घर चालवत होती. मी तेव्हा दारूत पार बुडालेलो होतो. पण मशीन गेल्यावर मी पेटून उठलो. गल्लीत घरोघर विचारत फिरलो, एका भंगारवाल्याची गचांडी धरली, शैलाला घेऊन पोलीस चौकीत गेलो आणि रेवतीच्या डोक्यावर हात ठेवून, मी नेलं नाही, अशी शपथ घेतली. आठवड्यानं जयसिंगपूरचा एक माणूस उरलेले पैसे द्यायला घरी आला. मशीन मीच त्याला विकलं होतं. हातगाडीवर घालून मीच पोचवलं होतं. त्यातलं काहीही मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी खोटं बोलत नव्हतो, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

रेवती आठवीत असताना माझी दारू सुटली. मोमीनमामानं सोडवली. इस्माईल मोमीन, रिटायर्ड एसटी कंडक्टर, एकेकाळचा अट्टल पिणारा. शनिवारी शाळेच्या एका खोलीत आम्ही पिणं सोडलेली माणसं जमायचो, ती बैठक तो चालवायचा. त्यानंतरही कितीतरी दिवस माझा पगार मालक शैलाच्या हातात द्यायचा. आणि मग अण्णाचे पैसे आले, खातं दोघांच्या नावावर निघालं, कार्ड आलं. ते पाकीट फोडून शैलानं कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. "हे तुमच्याकडं असू द्या," म्हणाली. बाकी काही बोलली नाही. त्या दिवशी मी जेवताना रडलो होतो.

पैसे गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, संगणकात बघितलं.

"कार्ड तुमच्याकडंच आहे ना काका?"

"हाय."

"हरवलं नव्हतं कधी?"

"न्हाई."

"पिन बरोबर टाकलाय. पहिल्याच वेळी. बाहेरच्या माणसाला एवढं जमायचं नाही." तो शैलाकडं बघून बोलू लागला. "तक्रार अर्ज द्या. कॅमेऱ्याचं चित्र मागवता येतं, पण ते दुसऱ्या कंपनीकडं असतं, वेळ लागतो. आणि काका, त्यात तुम्हीच दिसलात, तर मग खोटी तक्रार म्हणून..." त्यानं पुढचं गिळलं. "घरात एकदा नीट बोलून घ्या. बऱ्याचदा घरातलंच असतं."

मी अर्ज लिहून दिला. सही करताना हात थरथरला. माझा हात तेव्हा कायमच थोडा थरथरायचा, जुन्या पिण्यामुळं. पण त्या पोरानं तो बघितला आणि नजर काढून घेतली.

त्या तीन संध्याकाळी मी कुठं होतो, हे मी आठवू लागलो. एका संध्याकाळी कारखान्यातच होतो, मागावर सुताचा बीम चढवत होतो, बहुतेक. दुसऱ्या दिवशी मालकाच्या चुलत्याच्या मातीला गेलो होतो. स्मशानातून बाहेर पडलो हे आठवत होतं, घरात शिरून अंघोळ केली हेही आठवत होतं. मधला रस्ता आठवत नव्हता. तिसरा दिवस तर नुसताच धुरकट. चांगल्याभल्या माणसालाही मागल्या महिन्यातली संध्याकाळ आठवत नाही. पण तो त्याची काळजी करत नाही. मला मधला रस्ता आठवेना म्हणून घाम फुटला.

कारखाना सुटल्यावर मी स्टँडजवळच्या त्या मशिनपाशी गेलो. माझा पगार आता त्याच खात्यात यायचा आणि दर महिन्याला घरखर्चाचे पैसे मी तिथूनच काढायचो. माझ्यापुढं एक बाई होती, ती गेली. मी आत शिरलो आणि नुसता उभा राहिलो. वाटलं, डोक्याला आठवत नसेल तर हाताला आठवेल. बटणांवरून बोटं फिरवली. हाताला ओळखीचं वाटलं. वाटणारच, महिन्याला यायचो. पण तेवढ्यानं मी बोटं मागं घेतली. बाहेर रांगेतला माणूस काच वाजवू लागला तेव्हा मी निघालो.

रविवारी अण्णा आला. हुपरीत त्याचं चांदीच्या पैंजणांचं छोटं काम. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. बहिणीचा वाटा न मागता देणारे भाऊ किती असतात? तो खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पाव्हणं, मी भांडायला आलेलो न्हाई. मला फक्त कळू द्या, कशात गेलं."

"अण्णा, मी काढलेलं न्हाईत."

"दारूत एवढं जात न्हाई. जुगार हाय का? कुणाचं देणं हाय?"

"न्हाई हो."

"मग मशिननं आपणहून दिलं?"

रेवती दारात उभी होती. वीस वर्षांची होती तेव्हा. सुट्टीला सांगलीहून आलेली. ती पुढं आली. "मामा, पप्पांनी काढलेले नाहीत."

"तू गप, बाळ."

"नाही, ऐका माझं. मी महिनाभर घरी आहे. पप्पा कामावरून येतात तेव्हा डबा घ्यायला दारात मीच जाते. कशाला जाते असं वाटतं तुम्हाला? आठवीपासून, घरी असते तेव्हा रोज जाते. वास नाही, चाल बदललेली नाही, डोळे लाल नाहीत. मला कळतं. आईच्या आधी कळतं."

मला हे ठाऊक नव्हतं. डबा घ्यायला पोरगी दारात येते, ती माझ्या ओढीनं येते, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

शैला कोरड्या आवाजात म्हणाली, "शिलाई मशिनच्या वेळीबी तू अशीच म्हणालीस. माझे पप्पा असं करणारच न्हाईत म्हणालीस."

"मी सहा वर्षांची होते, आई."

"आन मी किती वर्षांची होते?" शैला म्हणाली.

अण्णा गेल्यावर शैलानं मला आत बोलावलं. स्वयंपाकघराचं दार लोटलं. पाटावर बसली, मला समोर बसवलं. तिचा आवाज इतका मऊ मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"हे बघा, पैशाचं मला काही न्हाई. गेलं तर गेलं. मी वरडणार न्हाई, अण्णाला तुमच्या अंगावर घालणार न्हाई. पण मला परत ते नको. तुम्ही शपथा घ्यायच्या, मी इश्वास ठेवायचा, दारोदार चोर हुडकायचा, आन एक दिवस कुणीतरी दारात येऊन सांगायचं. ते पुन्यांदा मला झेपायचं न्हाई. पडला असाल तर पडलो म्हणा. मी उचलीन. एकदा उचललंय न्हवं? फक्त खरं सांगा."

तिनं माझा हात धरला होता. मी तिच्याकडं बघितलं. तिला काय हवं होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. नाही म्हणायला माणसाला आधी स्वतःची खात्री असावी लागते.

"मीच काढले," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. खांदे एकदम सैल पडले. डोक्यावरचं ओझं कुणी उतरून घ्यावं तशी ती भिंतीला टेकली. "बरं झालं," म्हणाली. "बरं झालं सांगितलंत." मग पदर तोंडाला लावून रडली आणि त्यानंतर उठून मला चहा करून दिला. कशात घालवले ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

खरं सांगतो, मलाही हलकं वाटलं. सगळं जुळल्यासारखं वाटलं.

पैसे काढले म्हणजे प्यायलोच असणार, म्हणून शनिवारी बैठकीत उभं राहून सांगावं लागलं की मी पुन्हा प्यायलो. तिथं कुणी कुणाला बोल लावत नाही. बैठक संपल्यावर मोमीनमामानं मला थांबवलं.

"काय प्यायलास?"

"देशी."

"कुठं?"

"स्टँडमागं."

"कुणासंगं?"

"एकटाच."

"दुसऱ्या दिवशी उठलास तवा कसं वाटलं?"

मी चपला शोधू लागलो. "पंचवीस वर्षं पिणारी माणसं बघतोय," तो म्हणाला. "प्यायलेला माणूस न्हाई म्हणतो. तू पहिला, जो न पिता व्हय म्हणतोय. कुणासाठी करतोयस हे?"

"मामा, मला आठवत न्हाई. खरंच न्हाई आठवत."

"आठवत न्हाई म्हणजे केलं, असं कुणी सांगितलं तुला?" त्यानं शाळेच्या खोलीला कुलूप घातलं. "आज घरी जा आन बायकोला सांग की तुला ठाऊक न्हाई. त्याला छाती लागते, पण सांग."

मी घरी गेलो. अंगणात रेवती दोरीवरचे कपडे काढत होती. बहुतेक शैलानं तिला तेवढ्यात सांगितलं असावं. तिनं सगळे कपडे तसेच पायरीवर ठेवले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, आई म्हणते तुम्ही कबूल केलंत."

मी मान खाली घातली.

"वर बघा. माझ्याकडं बघून सांगा. काढलेत?"

दार उघडं होतं. आत शैला भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला होता. किती तरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी शांत झालं होतं, सकाळी तिनं केस विंचरताना एक गाणंही गुणगुणलं होतं. मी रेवतीकडं बघितलं.

"हो," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काहीच आलं नाही. "बरं," एवढंच म्हणून तिनं कपडे उचलले आणि आत गेली. भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सोमवारी बँकेत जाऊन मी अर्ज मागं घेतला. पैसे मीच काढले होते, माझी काही तक्रार नाही, असं लिहून सही केली. तो अधिकारी म्हणाला, "बरं केलंत काका. मोठेपणा लागतो याला."

फी भरायची तारीख निघून गेली. अण्णानं पैसे द्यायचं नाकारलं नाही, पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. "शिक्षणाला दोन वर्षं लागणार. तोवर पाव्हणं काय करतील, सांगता येतंय? गावभर झाल्यावर पोरीला कोण विचारील? आत्ता चांगलं स्थळ हाय. खर्च माझा." मुलगा गडहिंग्लजजवळचा, घरची शेती, खताचं दुकान. वाईट काही नव्हतं. शैलानं रेवतीला विचारलं. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडायची तिला सवय होती. ती म्हणाली, "मामा म्हणतात तसं करा."

लग्न हुपरीत झालं. मांडवात पाहुणे मला नमस्कार करायचे आणि जाता जाता हळूच श्वास ओढून बघायचे. मी हसून सगळ्यांना पान-सुपारी देत होतो.

मग पावसाळा सरला आणि एक दिवस दारात पोलीस आला. शैलाचा चेहरा पांढरा पडला. पण तो हवालदार वयस्क, शांत होता. त्यानं माझं नाव विचारून खात्री केली. निपाणीजवळ दोन माणसं पकडली होती. ती मशिनच्या कार्ड घालायच्या फटीवर हुबेहूब तशीच दुसरी फट बसवायची आणि वर बारीकसा कॅमेरा लावायची. आपण कार्ड घातलं की त्यावरचं सगळं त्यांच्याकडं उतरायचं, आकडा कॅमेऱ्यात दिसायचा. मग ते कोऱ्या कार्डावर उतरवून पैसे काढायचे. स्टँडजवळच्या मशिनवर त्यांनी ते दोन दिवस लावून ठेवलं होतं. त्यांच्याकडं सापडलेल्या नंबरांत माझ्या कार्डाचा नंबर होता.

"बाकीच्यांना बँकेनं पैसे परत दिले," हवालदार चहा पिता पिता म्हणाला. "तुम्ही तक्रारच दिली नाही?"

"दिली होती," मी म्हणालो. "मागं घेतली."

"का हो?"

मी त्याला पायरीपर्यंत पोचवलं. तो गेला. बँकेत पुढं खेटे घातले, पण कागदावर माझीच सही होती. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी हवालदार गेल्यावर शैला त्याची कपबशी हातात धरून बसली. मला वाटलं, का कबूल केलं ते ती विचारेल. ती म्हणाली, "मी तुम्हाला खरं सांगा म्हणाले होते."

"मला ठाऊक नव्हतं, शैला. मला वाटलं, असंल."

"मग ठाऊक न्हाई म्हणायचं."

"ते तुला चाललं असतं?"

ती उठली, कपबशी विसळली, पालथी घातली. "न्हाई," म्हणाली. "चाललं नसतं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं पाठ करूनच, "रेवतीला कळवाय पाहिजे. फोनवर नको. तुम्ही जा."

मी गेलो. तिच्या घरी दुपारची वेळ होती, जावई दुकानात, सासू आत निजलेली. रेवती मागल्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. पोटुशी होती, पाचवा महिना. माझ्यासाठी तिनं पाणी आणलं, गूळ आणला आणि पुन्हा शेंगांपाशी बसली. मी तिला सगळं सांगितलं. निपाणीची माणसं, ती फट, तो कॅमेरा. ती ऐकत होती, पण तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे मी काढले नव्हते, बाळ," मी शेवटी म्हणालो.

"हं."

"तुझ्या आईला काहीतरी हवं होतं. तिची ती अवस्था मला बघवेना, म्हणून मी..."

"आईला खरं वाटावं म्हणून तुम्ही मला खोटं पाडलंत."

ती हे रागानं म्हणाली नाही. आत सासू निजली होती, म्हणून हळू म्हणाली. सुपातली टरफलं तिनं वाऱ्यावर पाखडली.

"मी अंगणात तुम्हाला विचारलं होतं ना, पप्पा. आई आत ऐकत होती, मला माहीत होतं. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. मामाशी, आईशी, सगळ्यांशी. फी कुठूनही उभी केली असती. तुम्ही हो म्हणालात. मग मी कशावर भांडायचं?"

"मला माहीत नव्हतं, रेवती. देवाशपथ. माझं मलाच माहीत नव्हतं."

तिनं पहिल्यांदा हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.